छताआडचा पाइप

मराठीत थंडीसाठी शब्दांची कमी नाही. शेकोटी आहे, शेगडी आहे, गोधडी आहे, घोंगडी आहे, न्हाणीघरातला तांब्याचा बंब आहे. पण यातली प्रत्येक गोष्ट माणूस तापवते, नाहीतर पाणी. अख्खं घर तापवण्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही, कारण तशी वेळच आली नाही. नाशिकला पारा उतरला की आपण स्वेटर घालतो, घराला घालत नाही.

मी बॉस्टनजवळ राहते, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. इथे सगळं उलटं आहे. बाहेर उणे दहा, आत एकवीस, आणि माणसं घरात टी-शर्टवर. ही ऊब तळघरातल्या बॉयलरमधून निघते आणि भिंतीच्या आतून, छताच्या वरून जाणाऱ्या पाइपांमधून खोलीखोलीत पोचते. हे पाइप एरवी दिसत नाहीत. गळायला लागले की मगच ते आहेत हे कळतं.

ते लपले कसे आणि त्या लपवण्याची किंमत नेमकी कोणी मोजली, याचा इतिहास मी गेले काही महिने वाचतेय. सुरुवात करमणुकीची आहे. शेवट तसा नाही.

आधी अंडी, मग माणसं

पाइपातून गरम पाणी फिरवून हवा उबदार ठेवण्याचा एक जुना यशस्वी प्रयोग माणसांसाठी नव्हताच. १७७७ च्या सुमारास फ्रान्समध्ये बॉनमँ नावाच्या माणसाने कोंबडीची अंडी उबवण्यासाठी तो केला. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, निवलं की जड होऊन खाली येतं. पंप न लावता पाणी आपोआप फिरत राहतं. ‘ऊब’ आणि ‘उबवणं’ हे आपले दोन शब्द एकाच घरातले, हे त्या फ्रेंच माणसाला माहीत असायचं कारण नाही, पण त्याने ते सिद्ध करून दाखवलं.

त्याच काळात इंग्लंडमध्ये वाफेचे प्रयोग चालले होते. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटने १७८४ मध्ये स्वतःची अभ्यासिका वाफेने तापवून पाहिली. पुढे कापडगिरण्यांनी वाफ उचलली, कारण गिरणीत बॉयलर आधीच होता आणि कापसाच्या धुळीत उघडी शेकोटी पेटवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

घरोघरी हे न्यायला अडचण एकच होती. लांब, स्वस्त आणि न फुटणारे पाइप हवे होते. ते आले गॅसच्या दिव्यांमुळे. सुरुवातीच्या काळात गॅसवाल्यांनी लढाईनंतर पडून राहिलेल्या बंदुकांच्या नळ्या एकमेकींना जोडून पाइप बनवले, असं सांगतात. १८२५ मध्ये कॉर्नेलियस व्हाइटहाउस या इंग्रज कारागिराने लोखंडी पट्टी तापवून, गोल वळवून, तिच्या कडा जोडत सलग नळी ओढण्याची पद्धत काढली. पाइप एकदम स्वस्त झाला.

१८३१ मध्ये अँजिअर मार्च पर्किन्स याने लंडनमध्ये याच जातीच्या जाड, अरुंद लोखंडी नळ्या वापरून गरम पाण्याची एक बंदिस्त व्यवस्था केली. नळी बंद, त्यामुळे आत दाब प्रचंड, आणि पाणी शंभर अंशांच्या खूप वर तापलं तरी उकळत नसे. नळी बारीक असल्यामुळे ती लाकडी पट्टीमागे, जमिनीखालच्या चरात, कुठेही सरकवता येई. दिवाणखान्याची शोभा जात नसे. श्रीमंतांना हे फार आवडलं. विमा कंपन्यांना आवडलं नाही, कारण इतक्या तापलेल्या नळ्या लाकडाला लागून जात होत्या आणि लाकूड काळं पडत होतं. म्हणजे शोभेसाठी लपवायचं आणि लपल्यामुळे धोका दिसत नाही, हा पेच दोनशे वर्षं जुना आहे.

पर्किन्सच्या हाताखाली जोसेफ नेसन नावाचा एक अमेरिकन शिकत होता. १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला तो परत आला आणि मेव्हणा जेम्स वॉलवर्थ याच्यासोबत त्याने इमारती तापवण्याचा धंदा सुरू केला. अमेरिकेतला हा धंदा रुजला तो बॉस्टनमध्ये. मी जिथे भाडं भरते त्या भागातल्या जुन्या घरांमध्ये वाफेचे इतके पाइप का, याचं एक उत्तर इथे आहे.

चाळीचे पाइप बाहेर, इथले आत

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत गिरणी कामगारांसाठी चाळी उभ्या राहत होत्या. साधारण त्याच काळात बॉस्टन परिसरात कामगारांसाठी लाकडी तीनमजली घरं हजारोंनी बांधली गेली. त्यांना ‘थ्री-डेकर’ म्हणतात. एका मजल्यावर एक कुटुंब, मागेपुढे गॅलरी. उन्हाळ्यात त्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे पाहिले की गिरगावची आठवण येते.

फरक पाइपांत आहे. मुंबईच्या जुन्या इमारतींचे पाइप बाहेरच्या भिंतीवर असतात. कुरूप दिसतात, सांध्यात पिंपळ उगवतो, पण कुठे गळतंय हे रस्त्यावरून जाणारा माणूसही सांगू शकतो. बॉस्टनमध्ये बाहेर पाइप ठेवला तर जानेवारीत तो गोठून फुटेल. त्याला घराच्या आतच ठेवावं लागतं. आत ठेवल्यावर, लोकांना तो डोळ्यांसमोर नको असतो. मग वरच्या मजल्याची जमीन आणि खालच्या मजल्याचं छत यांच्या मधल्या वीतभर पोकळीत तो जातो.

त्या छताची रचनाही समजून घेण्यासारखी आहे. तुळयांना खालून दीड-एक इंच रुंदीच्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या, दोन पट्ट्यांमध्ये बोटाहून बारीक फट ठेवायची. त्यावर प्लास्टरचा पहिला थर जोर लावून थापायचा. ओला माल फटीतून वर जातो, पलीकडे लोंबतो आणि तिथेच वाळून गाठ होते. या हजारो गाठींच्या जोरावर सगळं छत लटकलेलं असतं. भेगा पडू नयेत म्हणून मालात जनावरांचे केस मिसळत. आपल्या वाड्यांसाठी चुना घाणीत मळताना त्यात ताग घालत, तीच युक्ती. वर आणखी दोन थर, शेवटचा गुळगुळीत.

अशा छतात दार नसतं, झाकण नसतं. पाइप कुठून गेलाय याचा नकाशा बांधणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि त्याच्यासोबत जातो. आमच्या धंद्यात अशा गोष्टीला नावं ठेवायला आम्ही मोकळे असतो, कारण कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद आपोआप राहते. शंभर वर्षांपूर्वीच्या फिटरकडे तशी सोय नव्हती. डॅन होलोहान या लेखकाने १९९२ मध्ये ‘द लॉस्ट आर्ट ऑफ स्टीम हीटिंग’ नावाचं पुस्तक काढलं. शीर्षकातच त्याने ही कला हरवल्याचं म्हटलंय. वाफेवर चालणारी घरं तेव्हाही होती, आजही आहेत. ती समजणारी माणसं संपत चालली होती.

डाग एकीकडे, भोक दुसरीकडे

गेल्या जानेवारीत माझ्या झोपायच्या खोलीच्या छतावर चहा सांडल्यासारखा डाग पडला. मी मधल्या मजल्यावर राहते. घरमालकाने पाठवलेला प्लंबर साठीच्या पुढचा होता. त्याने शिडी लावायच्या आधी प्रश्न विचारले. हे सतत ठिबकतं का? वरच्यांच्या आंघोळीनंतर ठिबकतं का? की फक्त बॉयलर चालू असताना? सतत असेल तर पिण्याच्या पाण्याचा पाइप, आंघोळीनंतर असेल तर सांडपाण्याचा, बॉयलरसोबत असेल तर वाफेचा. आमचं तिसरं निघालं.

मग त्याने विचारलं, “छतात ठोकल्यासारखा आवाज येतो का?” येत होता. या घरात मी आले तेव्हापासून रोज पहाटे येत होता.

त्या आवाजाचं कारण असं. जुन्या घरांत बरेचदा एकाच पाइपातून वाफ रेडिएटरकडे जाते आणि तिचं पाणी होऊन त्याच पाइपातून परत येतं. म्हणून पाइपाला नेहमी उतार हवा. शंभर वर्षांत घर बसतं, लाकूड वाकतं, आधार निखळतो आणि पाइपाला मध्येच झोळ पडतो. त्या झोळात पाणी साचतं. मागून येणारी वाफ त्या पाण्याला उचलून पुढच्या वळणावर आपटते, तोच आवाज. आणि जिथे पाणी साचतं तिथे लोखंड आतून गंजतं. सगळ्यात आधी भोक पडतं ते आट्यांपाशी, कारण आटे पाडताना तिथली जाडी आधीच कोरून काढलेली असते.

डागाच्या नेमक्या वर भोक असेलच असं नाही, हेही त्याने सांगितलं. पाणी पाइपाच्या पोटाला धरून उताराने चालत जातं आणि जिथे अडतं तिथे खाली पडतं. त्याने बॉयलर बंद केला, पाइप निवू दिला. छताला टोच्याने बारीक भोक पाडून वर पाणी साठलंय का पाहिलं. मग डागापासून दोनेक फूट सरकून, दोन तुळयांच्या मधोमध ते मधोमध असा चौकोन आखला. असं कापलं की नंतरचा तुकडा ठोकायला दोन्हीकडे लाकूड मिळतं.

चौकोन निघाला. प्लास्टरच्या वाळलेल्या गाठी आणि केस खाली पडले. त्याने टॉर्च आत घातला, आणि तो काही न बोलता शिडीवरून खाली उतरला. पाइपाभोवती राखाडी, नालीदार पुठ्ठ्यासारखं काहीतरी गुंडाळलेलं होतं. ते ओल्याने फाटून लोंबत होतं.

“खोलीचं दार बंद करा,” तो म्हणाला, “आणि झाडू मारू नका.”

ते ॲस्बेस्टॉस होतं.

आवाज करणारं मरण, आवाज न करणारं मरण

इथे दोन तारखा शेजारी ठेवायला हव्यात.

२० मार्च १९०५. बॉस्टनच्या दक्षिणेला ब्रॉक्टन गावातला बुटांचा कारखाना. नवा बॉयलर दुरुस्तीसाठी बंद होता म्हणून त्या दिवशी जुना चालवला होता. सकाळी तो फुटला, मजले फोडत वर उडाला, चारमजली लाकडी इमारत कोसळली आणि पेटली. ५८ माणसं मेली. बॉयलरची तपासणी होत असे, पण भेग होती ती पत्र्यावर पत्रा चढवलेल्या जोडाच्या आत. बाहेरून दिसण्याची सोयच नव्हती. त्यानंतर मॅसॅच्युसेट्स राज्याला बॉयलरचे नियम करायला किती वेळ लागला? दोन वर्षं. १९०७ मध्ये नियम आले. पुढे देशभरातल्या अभियंत्यांच्या संघटनेने त्याच वाटेने बॉयलरची संहिता तयार केली. मेकॅनिकलच्या मुलांना कॉलेजात ‘ए-एस-एम-ई कोड’ म्हणून जे शिकवतात त्याचं मूळ या राखेत आहे.

आता दुसरी तारीख. १९२४. इंग्लंडमधल्या रॉचडेलची नेली केरशॉ वयाच्या ३३ व्या वर्षी मेली. ती ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात सूत काते. तिच्या फुफ्फुसांत ॲस्बेस्टॉसचे कण सापडले, तशी नोंद डॉक्टर कुक यांनी वैद्यकीय नियतकालिकात छापली. कंपनीने भरपाई दिली नाही. १९३० मध्ये ब्रिटिश सरकारच्या पाहणीत ॲस्बेस्टॉसच्या कामगारांमधला फुफ्फुसांचा आजार स्पष्ट दिसला. १९३१ मध्ये नियमही झाले, पण ते मुख्यतः कारखान्यापुरते. त्याच ॲस्बेस्टॉसचा पुठ्ठा घराघरांत पाइपाला गुंडाळणारे लोक त्यात धरलेले नव्हते.

आणि तो पुठ्ठा सगळीकडे जात होता. ॲस्बेस्टॉस जळत नाही, उष्णता धरून ठेवतो, स्वस्त असतो. लाकडाच्या पोकळीतून शंभर अंशांचा पाइप न्यायचा तर याहून सोयीचं काय? पर्किन्सच्या काळात विमा कंपन्यांना ज्या लाकडाची धास्ती वाटत होती, ते लाकूड ॲस्बेस्टॉसने वाचवलं. त्याचे तंतू इतके बारीक की हवेत दिसत नाहीत, आणि फुफ्फुसात गेल्यावर कॅन्सर व्हायला वीस, तीस, चाळीस वर्षं लागतात. बॉयलर फुटला की सगळ्या गावाला ऐकू जातं. हे कोणालाच ऐकू आलं नाही.

ऐकू आणलं ते न्यू यॉर्कच्या अर्व्हिंग सेलिकॉफ या डॉक्टराने, आणि त्याचं हत्यार होतं वही. पाइपांना आवरण चढवणाऱ्या कामगारांच्या युनियनने कोण कधी सभासद झालं, कोण कधी गेलं याच्या नोंदी वर्षानुवर्षं नीट ठेवल्या होत्या. सेलिकॉफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९४३ च्या आधी या कामात आलेल्या ६३२ जणांचा माग काढला. फुफ्फुस आणि त्याच्या आवरणाच्या कॅन्सरने एरवी त्यांच्यातली सहा-सात माणसं गेली असती. गेली होती ४५. हा निबंध १९६४ मध्ये छापून आला. पाइपांसाठी तयार ॲस्बेस्टॉस आवरण बसवायला अमेरिकेत मनाई झाली ती १९७५ मध्ये.

ब्रॉक्टनच्या ५८ माणसांनंतर दोन वर्षं. नेली केरशॉनंतर एक्कावन्न वर्षं. दोन्हीकडे दोष लपलेलाच होता. एक दोष फुटला आणि लगेच दिसला. दुसरा माणसांच्या छातीत शिरून तिथेही लपून राहिला.

पाइप लपवायची हौस थांबली नाही

या सगळ्या काळात पाइप आणखी आत जात होता. १९०७ मध्ये ए. एच. बार्कर या इंग्रज अभियंत्याने बारीक पाइप थेट प्लास्टरच्या किंवा काँक्रीटच्या पोटातच पुरण्याची पद्धत काढली. रेडिएटरही नको, सगळं छतच ऊब देईल. १९४७ पासून न्यू यॉर्कजवळ लेव्हिटटाउनमध्ये १७ हजारांवर घरं उभी राहिली, त्यांच्या काँक्रीटच्या जमिनीत तांब्याच्या नळ्या घातलेल्या होत्या. राहायला छान. पण काही वर्षांनी नळ्या गळायला लागल्या तेव्हा गळती शोधायला जमीन फोडावी लागली, आणि कित्येकांनी त्या नळ्यांचा नाद सोडून भिंतीकडेला नवे उघडे हीटर बसवले.

पाइप पुरल्याचं सुख पहिल्या मालकाला मिळतं. बिल तिसऱ्या किंवा चौथ्याला येतं. आणि धूळ जाते ती शिडीवर उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात, जो मालकही नसतो आणि भाडेकरूही. पुण्यात आता प्रत्येक नव्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘कन्सील्ड प्लंबिंग’ असतं. आपल्याला वाफेचे पाइप नकोत, तरी लपवायची हौस आलीच.

माझ्या छताचं पुढे असं झालं. घरमालकाने दोन दिवस टाळाटाळ केली, कारण खर्च तिप्पट होणार होता. मग परवाना असलेली माणसं आली. त्यांनी खोलीला प्लास्टिकचं आवरण लावलं, ते वेष्टन ओलं करून पिशवीत बंद केलं आणि नेलं. त्यानंतर तोच प्लंबर पुन्हा आला. जुना पाइप मधूनच पिळून सुटत नाही, कारण त्याची दोन्ही टोकं आट्यांत अडकलेली असतात आणि एक सैल करताना दुसरं आवळतं. म्हणून त्याने गंजलेला भाग करवतीने कापला, नवे दोन तुकडे घातले आणि मधे युनियन जोडलं. ते कधीही खोलता येतं. नव्या आधारावर पाइप उचलून उतार परत आणला. वाफ सोडली. ठोके बंद. भोक मात्र त्याने चार दिवस उघडंच ठेवायला सांगितलं, लाकूड वाळायला आणि सांधा पुन्हा बघायला. जाताना त्याने शेजारच्या तुळईवर पेन्सिलीने तारीख टाकली आणि युनियन कुठे आहे ते बाणाने दाखवलं.

चाळीस वर्षांची वही

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगत होते. ते कोल्हापूरजवळ गावी असतात. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “अगं, म्हणजे आपल्या गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे. तेच की ते.”

तेच होतं. सिमेंटमध्ये ॲस्बेस्टॉसचे तंतू घालून केलेले नालीदार पत्रे. गोठ्यावर, शेडवर, शाळेच्या व्हरांड्यावर, झोपडपट्टीत. सिमेंटमध्ये घट्ट बसलेले असेपर्यंत ते तंतू फारसे सुटत नाहीत. सुटतात ते पत्रा कापताना, भोक पाडताना, फोडताना. आमच्याकडे फुटका पत्रा हातोडीने आणखी फोडून वाटेतल्या खड्ड्यात भरतात, ते मी लहानपणी पाहिलंय. ब्रिटनने १९९९ मध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. भारतात खाणी बंद झाल्या, पण आयात आणि पत्रे चालूच राहिले.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र झाली आहे आणि ती फारशी कोणाला माहीत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला की कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे. त्याच निकालात एक रुक्ष वाटणारा आदेश आहे. प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद तो कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षं ठेवायची.

चाळीस वर्षं का, हे सेलिकॉफने पाहिलेल्या वह्यांवरून समजतं. जो आजार इतका काळ लपून राहतो त्याला पकडायला तितकीच जुनी वही लागते. नोंद नसेल तर माणूस साठीत खोकून मरतो आणि घरचे म्हणतात, विडी ओढायचा.

ही वही कारखान्यातल्या कामगारासाठी आहे. आयुष्यभर गावोगाव पत्रे कापणाऱ्या, छपरं शाकारणाऱ्या मिस्त्रीचं नाव तिच्यात नाही. रॉचडेलनंतर केलेल्या नियमांत पाइप गुंडाळणारा नव्हता, तसंच. बाबांना मी एवढंच सांगितलं की पत्रा बदलायचा झाला तर फोडू नका, ओला करून अख्खा उतरवा, आणि उतरवणाऱ्याला आधी सांगा. ते म्हणाले, सांगतो. मग विचारलं, “पण गेल्या वर्षी ज्यानं बसवला, त्याला कोण सांगणार?”